दोन लॅपटॉप आणि अण्णांचा काटा

घरात कुणीच भांडत नव्हतं, आणि धाकट्या सुनेला नेमकी त्याचीच भीती वाटत होती. गेला आठवडाभर सगळे एकमेकांशी इतक्या समजूतदारपणे बोलत होते, की पंखा वाढव म्हणायचं तरी माणूस आधी इकडेतिकडे बघायचा. आणि विषय एकच, पावशेरसाठी लॅपटॉप कुठला घ्यायचा.

पावशेर म्हणजे अण्णांच्या थोरल्या मुलाची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती की अण्णांनी तिला दुकानातल्या काट्यावर ठेवलं, पारडं हललंसुद्धा नाही असं सगळ्यांना सांगितलं, आणि तेव्हाच हे नाव चिकटलं. आता ती बारावी झाली, आईपेक्षा हातभर उंच झाली, तरी नाव तेच. तराजू बनवायचे, काटे दुरुस्त करायचे हा घराचा पिढीजात धंदा, त्यामुळे नावं ठेवायला दुसरं काही सुचायचंच नाही. सहा महिन्यांपूर्वी धाकटीला मुलगा झाला, त्याच्या वाट्याला छटाक आलं.

पावशेरला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक कॉलेज दोन बसथांब्यांवर. दुसरं रात्रभराच्या प्रवासावर, वसतिगृहात राहून शिकायचं. तिथे भूशास्त्र होतं. डोंगर चढायचे, दगड फोडायचे, पाठीवरचा लॅपटॉप तिथेच मांडी घालून उघडायचा आणि काय दिसलं ते लिहायचं. जवळच्या कॉलेजात नुसतं विज्ञान होतं, आणि थोरल्याच्या मते विज्ञान इथून तिथून सारखंच. उद्या, सोमवारी, दोन्हीपैकी एकाला कळवायचं होतं. तिला जाऊ नको असं कुणीही म्हटलं नव्हतं. अण्णा फक्त एवढंच म्हणाले होते, "आधी मशीन तर येऊ दे, मग बघू." त्या दिवसापासून दूरच्या कॉलेजाचा विषय घरात कुणी काढला नाही. जड, मोठ्या पडद्याचा, टेबलावर ठेवून वापरायचा लॅपटॉप घ्या म्हणणारा माणूस खरं तर राहा म्हणत होता, आणि हलका घ्या म्हणणारा जा म्हणत होता. सगळ्यांना ते कळत होतं, आणि सगळे बॅटरी आणि मेमरीवर बोलत होते.

रविवारी दुपारी सगळे खाली दुकानात जमले. शटर अर्धं ओढलेलं होतं. लॅपटॉपवाल्याच्या गोदामातला काटा या घरानेच बसवून दिलेला, त्या ओळखीवर त्याने दोन मशीन दिवसभरासाठी घरी बघायला दिली होती. ती दोन्ही खोकी आता गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर शेजारीशेजारी होती, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी अवघडून. तो सोफाही मुळात वरच्या बैठकीसाठी घेतला होता. इतका भक्कम निघाला की जिन्याच्या वळणावर अडकला, तो खालीच राहिला.

कारण या घरात वस्तू तोलून घेत. पंखा घेतला तो तोलून. कुलूप घेतलं ते तोलून, दाराची कडी त्याच्या भाराने दोनदा निखळली, पण कुलपाला कुणी नावं ठेवली नाहीत. वस्तू जड म्हणजे करणाऱ्याने माल मारलेला नाही, अशी अण्णांची ठाम समजूत होती. दुकानाच्या मधोमध तुळईला त्यांचा मोठा पितळी काटा टांगलेला होता. एका पारड्यात नवी वस्तू, दुसऱ्यात घरातली त्याच जातीची जुनी. नवी खाली गेली तर घ्यायची. आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे ते दिवसभर विकत, पण घरच्या कामाला त्यांना हात लावत नसत. ते म्हणायचे, हे नुसता आकडा सांगतात, वजन सांगत नाहीत.

हलका लॅपटॉप आत्याने निवडला होता. ती अण्णांची थोरली लेक, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि शिकवण्या घ्यायची. तिने बोटाच्या चिमटीत तो उचलून दाखवला आणि बाजूने धरून फिरवला. थोरल्याने विचारलं, यात मशीन कुठे ठेवलंय. त्याने निवडलेला दुसरा होता. तो त्याने दोन्ही हातांनी, पोटाशी धरून आणला आणि काउंटरवर ठेवला, तेव्हा काचेखालची वजनं किणकिणली. त्या आवाजाने अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते बघून पावशेरने धाकटीकडे पाहिलं आणि डोळे फिरवले. सकाळी छटाकला आंघोळ घालताना ती धाकटीला म्हणाली होती, "काकू, मला हो म्हणा किंवा नाही म्हणा. हे लॅपटॉपच्या आडून काय चाललंय सगळ्यांचं?" धाकटीने तेव्हा साबण डोळ्यांत जाईल म्हणून विषय बदलला होता.

बैठक सुरू झाली. म्हणजे थोरला बोलायला लागला. मोठा पडदा डोळ्यांना बरा, मोठी बटणं बोटांना बरी. एका जागी ठेवलं की वस्तू टिकते. मग भरात तो म्हणून गेला की मुलगी कॉलेजात असताना दुपारभर मशीन रिकामंच असणार, दुकानाची बिलं त्यावर आरामात होतील.

थोरली, म्हणजे पावशेरची आई, इतका वेळ नवऱ्याच्या बाजूने मान हलवत होती. ती थांबली. "म्हणजे तिचा अभ्यास घेताय की तुमची बिलं?"

"दोन्ही होईल की."

"मग नीट सांगा ना, दुकानाला हवाय म्हणून. पोरीच्या नावावर कशाला?"

आत्याला हे आयतंच मिळालं. तिने भावाला सुनावलं, की तुला लहानपणापासून दुसऱ्याच्या पाटीवरच लिहायचं असतं. थोरलीने चक्क नणंदेच्या बाजूने मान डोलावली, आणि अशी युती या घरात कित्येक वर्षांत झाली नव्हती. क्षणभर पावशेरच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो फार टिकला नाही. थोरला हुशार होता. तो बहिणीला म्हणाला, ताई, तुझ्या शिकवण्यांचे व्हिडिओ करायचं तू म्हणत होतीस ना, ते या मोठ्यावर काय सुरेख दिसतील. आत्या उठून मोठ्या लॅपटॉपपाशी गेली, झाकण उघडलं, काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि केस सारखे केले. मग म्हणाली की तसा हलका थोडा नाजूकच वाटतो. प्रवासात दाबला-बिबला गेला म्हणजे?

"प्रवास कुठला?" थोरली लगेच म्हणाली.

थोरली मागे भिंतीला टेकली, आणि धाकटीला दिसलं की तीही पुन्हा जडाच्या बाजूला गेली. बिलं करायची तर करू द्या, पोर डोळ्यांसमोर राहील. धाकटीला तिचा राग आला नाही. स्वतःला मूल होण्याआधी कदाचित आला असता. मांडीवर छटाक तिच्या ओढणीचं टोक चोखत होता, आणि याला कुणी रात्रभराच्या प्रवासावर पाठवायचं म्हटलं तर आपण त्या पंख्याला, कुलपाला, सोफ्याला मिठी मारून बसू, असं तिला वाटून गेलं.

अण्णा उठले, काट्याची दांडी फडक्याने पुसली, रिकामी पारडी स्थिर होईपर्यंत थांबले. मग विचारलं, "दुसऱ्या पारड्यात काय घालायचं? जुनं कोणतं आहे?"

"धाकटीचा कॉम्प्युटर आहे की," थोरला म्हणाला. "वर, इस्त्रीच्या कपड्यांखाली."

तो आणायला धाकटीच गेली. छटाकला तिने पावशेरकडे दिलं. नवरा फिरतीवर होता, नाहीतर त्याने उचलला असता. वरच्या खोलीत तिने कपड्यांचा ढीग बाजूला केला, खालची फुलाफुलांची चादर काढली, आणि बऱ्याच दिवसांनी तो पूर्ण बघितला. काळी पेटी, जाड पाठीचा पडदा, आणि कळफलकावर एका जागी तिच्या हातून सांडलेल्या शाईचा डाग.

लग्न झालं तेव्हा तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सासरी कुणी नाही म्हटलं नाही. उलट सगळ्यांनी हौसेने हा घेतला, याच काट्यावर, बाजारातला सगळ्यांत जड. रोज बसचे धक्के कशाला खायचे, घरीच बसून कर, असं अण्णा किती मायेने म्हणाले होते. मग ती घरी बसली. घरीच आहेस तर जरा दुधाकडे बघ. घरीच आहेस तर गॅसवाला येईल, दार उघड. घरीच आहेस तर. पहिली परीक्षा चुकली तेव्हा तिने पुढच्या खेपेला देऊ असं ठरवलं होतं. तिला कुणीही थांबवलं नव्हतं. जायची गरजच तेवढी संपवली होती, आणि तीही इतक्या प्रेमाने की रागवायला जागा उरली नाही.

जिना उतरताना पेटी पोटाला टोचत होती. खाली आली तेव्हा आत्या म्हणाली, अगं मला हाक मारायचीस. थोरल्याने पेटी घेऊन पारड्यात ठेवली, मग वर जाऊन पडदा आणला आणि तिच्यावर आडवा घातला. ते पारडं खाली बसलं आणि जमिनीला टेकलं. दुसऱ्या पारड्यात त्याने आपला लॅपटॉप ठेवला. पारडं वरच राहिलं, हवेत, जरासं हलत. थोरला ओशाळला. मग त्याने खिशातून विटेएवढा चार्जर काढला आणि हळूच लॅपटॉपच्या शेजारी सरकवला.

काटेवाल्याच्या घरात पारड्यात काहीतरी हळूच सरकवणं म्हणजे देवघरात थुंकण्यासारखं होतं. अण्णांनी मुलाकडे नुसतं बघितलं.

"चार्जर पण मशीनचाच भाग आहे," थोरला म्हणाला.

"काढ."

त्याने काढला. थोरलीने तो त्याच्या हातून घेतला आणि पदराखाली धरून उभी राहिली, जणू चोरीचा माल लपवायचाय.

मग आत्याचा हलका ठेवून बघितला. त्याचं पारडं तर रिकाम्यासारखंच वर झुलत राहिलं. पावशेर हसली. हसू नये अशा वेळी ती नेहमी हसायची. थोरला म्हणाला, झालं, बघितलंत ना, दोघांत जो जड तो घ्यायचा, निकाल लागला. त्याने हात झटकले. अण्णांची मान हलायला लागली होती.

धाकटी जमिनीला टेकलेल्या पारड्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते बोलण्यात रडगाणं यायला नको होतं. रडगाणं आलं की या घरात लगेच चहा ठेवत आणि मूळ गोष्ट तिथेच संपायची. तिची नजर भिंतीवर गेली. तिथे खिळ्याला अण्णांची जुनी तागडी लटकत होती, तरुणपणी बाजार-बाजार हिंडून काटे तपासायचे तेव्हाची. तिची पारडी कागदासारखी पातळ होती. अण्णांनी स्वतः कानस घेऊन ती घासली होती, हा किस्सा घरात सगळ्यांनी इतक्यांदा ऐकला होता की आता कुणी ऐकत नसे.

"अण्णा," ती म्हणाली, "ती तागडी तुम्ही इतकी हलकी का केली?"

अण्णांना आवडता विषय मिळाला. "खांद्यावर होती ना. दिवसभर चालायचं. मुक्कामाला पोचेपर्यंत खांदा सोलून निघायचा. घरातली वस्तू जड हवी, अंगावर वाहायची ती हलकी. हे कुणालाही कळतं."

"मग हा लॅपटॉप कसला? घरातला की खांद्यावरचा?"

हे तिने अगदी साधेपणाने विचारलं, मीठ किती घालू असं विचारावं तसं. पण विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आठवडाभर जे कुणी बोललं नव्हतं ते आता दुकानाच्या मधोमध ठेवलं गेलंय, आणि ते उचलून बाजूला ठेवायला कुणी पुढे येत नाहीये. आत्या आपल्या बांगड्या मोजल्यासारखी फिरवू लागली. थोरलीचा पदराखालचा हात हलला नाही.

"तुझा कॉम्प्युटर चांगला होता," अण्णा शेवटी म्हणाले. ते विचारणं नव्हतं, सांगणंही नव्हतं.

"फार चांगला होता, अण्णा. अजून चालेल. फक्त मी जागची हलले नाही."

अण्णांनी हलका लॅपटॉप पारड्यातून काढला. पावशेरला म्हणाले, तुझी पाठीवरची बॅग आण. ती छटाकला आत्याकडे देऊन धावतच वर गेली आणि बॅग घेऊन आली. अण्णांनी लॅपटॉप तीत सरकवला. पाण्याची भरलेली बाटली ठेवली. एक जाडजूड स्वेटर ठेवायला लावला, डोंगरावर वारा असतो म्हणून. मग ते काउंटरच्या मागे गेले आणि भंगारात काढलेली लोखंडी वजनं हातात घेऊन उभे राहिले.

"दगड किती आणायचे असतात?"

पावशेरला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. "पहिल्या वर्षी मुलं हावरटासारखी उचलतात म्हणे. दिसेल तो."

"तू तर उचलशीलच," म्हणत त्यांनी एकेक वजन बॅगेत सोडलं. "लहानपणी पांघरुणात पण वाळू घेऊन झोपायचीस." मग त्यांनी तिच्या खांद्यांवर पट्टे चढवून दिले, ते ओढून नीट केले आणि म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत जाऊन ये."

थोरल्याने शटर वर ढकललं. सगळे दारात आले. रविवारची गल्ली रिकामी होती, समोरचं रंगाचं दुकान बंद, पत्र्यावर एक मांजर. पावशेर चालायला लागली. आधी जरा वाकून, मग पाठ ताठ करून. औषधांच्या दुकानापाशी गल्ली वळते. ती तिथे पोचली. थांबेल असं सगळ्यांना वाटलं, कारण कोपऱ्यापर्यंतच म्हटलं होतं. ती वळली आणि दिसेनाशी झाली.

धाकटीने शेजारी बघितलं. थोरलीने पदराखालचा चार्जर छातीशी धरला होता. थोरला पायरीवर एक पाऊल खाली उतरला होता. काही वेळ गल्लीत कुणीच नव्हतं. तेवढा वेळ सगळे त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले आणि कुणीही बॅटरीबद्दल बोललं नाही.

ती आली. गालांवर लाली चढली होती, कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की थोरल्याने दुसरीकडे बघितलं.

"दुखतंय?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"काटेवाल्याच्या घरात खोटं बोलतेस." त्यांनी तिला वळवलं, बॅगेची चेन उघडली आणि एक वजन बाहेर काढलं. "एक दगड कमी आणायचा."

आत्या डोळे पुसत म्हणाली, की मी आधीपासून सांगत होते हलकाच घ्या म्हणून. ते कुणी खोडलं नाही. थोरला आत जाऊन आपला मोठा लॅपटॉप खोक्यात भरू लागला, थर्माकोल उलटं बसत होतं तरी दाबत राहिला. मध्येच थांबून त्याने धाकटीला विचारलं, तुझा तो कॉम्प्युटर चालतो म्हणालीस, तर दुकानाच्या बिलांना घेऊ का.

"घ्या," ती म्हणाली. "पण मग तो वर न्यायचा नाही. माझं टेबल मला मोकळं हवंय."

कशाला, असं त्याने विचारलं नाही. पण अण्णांनी मान वळवून सुनेकडे एकदा पाहिलं, आणि जरा वेळ पाहतच राहिले.

पावशेर बॅगेचे पट्टे उतरवायला लागली, तेव्हा थोरली पुढे आली. "थांब," ती म्हणाली. सगळे थांबले. तिने पदराखालून चार्जर काढला. थोरल्याच्या मोठ्या मशीनचा तो चार्जर होता, या लॅपटॉपला बसणाराही नव्हता. तिला ते ठाऊक नव्हतं, आणि त्या घडीला तिला ते सांगण्याची हिंमत कुणाचीच नव्हती.

"हा विसरून गेलीस तर तिथे कोण आणून देणार आहे?" असं म्हणत तिने तो अण्णांनी रिकाम्या केलेल्या जागेत नीट बसवला, वायर गुंडाळून, आणि चेन लावली.